प्रकरण अकरा : देवापुढचं पार्सल

भाऊकाकांच्या बगलेत खाकी खोकं दिसलं तेव्हा श्रुतीचे दोन्ही हात वड्यांच्या पिठात होते. ती तशीच बाहेर धावली.

"गेटवर पडलं होतं तुमचं," भाऊकाका चपला काढता काढता म्हणाले. "वॉचमन म्हणाला, पत्ता तीनशे तीनचा आहे पण त्यांच्याकडे कुलूप आहे, आणि नाव तर तुमच्या श्रुतीचं. म्हटलं द्या, आम्ही तिथंच चाललोय."

"द्या ना काका. माझंच आहे."

"पिठाच्या हातानं घेणार? आणि आधी देवापुढे, मग तुझं. विसरलीस?"

विसरणार कशी? लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तिच्या चपलांचं पार्सल देवापुढे उघडलं गेलं होतं आणि चपलांना कुंकू लावावं की नाही यावर जेवणाची पानं अर्धा तास खोळंबली होती.

नेरूरकरांच्या घरात येणारी नवी वस्तू आधी देवापुढे जाते, तिला हळदकुंकू लागतं आणि मगच ती वापरात येते. हा माईंचा, श्रुतीच्या आजेसासूबाईंचा नियम. माईंना जाऊन नऊ वर्षं झाली, नियम मात्र ठणठणीत आहे. माईंच्या काळी वस्तू वर्षातून चारदा यायच्या आणि उघड्याच यायच्या. कळशी, घोंगडी, धाकट्या सुनेचं, वैशालीचं शिलाईमशीन. आता खोक्यांतून येतात. बंद खोकं दाखवून देवाला काय कळणार, असं भाऊकाकांच्या मनात आलं आणि तेव्हापासून पार्सल देवापुढेच फोडायचं ठरलं. नेरूरकरांच्या देवाने गेल्या पाच-सहा वर्षांत कुकरची रबरं पाहिली, श्रुतीच्या नवऱ्याचे, निखिलचे इअरफोन पाहिले, फरशी पुसायचा गोल फिरणारा मॉप पाहिला. सगळ्यांना सारख्याच मायेने कुंकू लागलं.

जे देवाला दाखवता येणार नाही ते बायकांनी घरी मागवणं सोडून दिलं. श्रुतीचे आतले कपडे महापेच्या ऑफिसात येतात. शेजारच्या, तीनशे तीनमधल्या जागृतीच्या सासूबाईंना जीन्स चालत नाही, म्हणून जागृतीच्या जीन्सही श्रुतीच्याच ऑफिसात येतात, आणि श्रुतीचं बाकीचं जागृतीच्या दारात. घणसोलीच्या त्या सात मजल्यांत कुणाचं खोकं कुणाच्या पत्त्यावर येतं याचा हिशेब फक्त बायकांनाच ठाऊक. कुरियरवाल्यांना बहुतेक वाटत असेल की या बिल्डिंगीतल्या बायका एकमेकींच्या घरात राहतात.

पण जागृती आज सकाळीच उरणजवळ मोऱ्याला माहेरी गेली होती, आणि पार्सल दोन दिवस आधी आलं.

त्यात श्रुतीचं काहीच नव्हतं. होतं ते तिच्या सासूबाईंचं.

"आई," ती स्वयंपाकघरात शिरत दबक्या आवाजात म्हणाली, "भाऊकाकांनी आणलंय. ते."

वैशाली कढईपाशी उभी होती. पदर नेहमीसारखा दोन्ही खांद्यांवरून लपेटलेला. मार्गशीर्षातला पहिला दिवस, थंडीचं नावही नाही, कढईतून धग येत होती, तरी गेली दोन वर्षं तो पदर तसाच असायचा. तिच्या हातातल्या झाऱ्यातून तेल ओट्यावर ठिबकत राहिलं.

"उघडलं?"

"उघडतायत."

*

देवदिवाळी म्हणजे माणसांची दिवाळी आटपल्यावर येणारी देवांची दिवाळी. माईंबरोबर कुडाळकडचे देव घणसोलीच्या या फ्लॅटात आले, तेव्हापासून दर वर्षी सगळे नेरूरकर इथेच जमतात. सगळे म्हणजे आता भाऊ, त्यांची बायको गीतांजली आणि त्र्याऐंशी वर्षांच्या गोजराआत्या, माईंच्या नणंदबाई. वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, खीर. नैवेद्य दाखवून दीड वाजता पानं मांडायची. गीतांजली ठाण्याहून निघताना दर वर्षी मनाशी ठरवायची, या वेळी धाकट्या जावेशी नीट बोलायचं. दोन वर्षं ते जमलं नव्हतं.

ती सोफ्यावर बसून पर्समध्ये चष्मा शोधत होती. भाऊ पाटावर बसले आणि त्यांनी सुपारीच्या तबकातला अडकित्ता घेऊन खोक्याची टेप कापली. निखिल मोबाइलवर काहीतरी बघत भिंतीला टेकला होता. त्याचे वडील सदानंद समईची वात सारखी करत होते. पावणे एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळलेला हा माणूस मोठ्या भावासमोर नेहमीच काहीतरी सारखं करत असायचा.

खोक्यात पांढरं खोकं निघालं. त्यात जाड पारदर्शक कव्हरमध्ये काहीतरी गुबगुबीत, कातडीच्या रंगाचं. भाऊंनी ते तळहातावर तोललं.

"वजनदार आहे की. काय गं हे श्रुती, केकचा साचा?"

श्रुती दारात उभी होती. भाऊंनी खालची कापडी घडी उचलली, पट्ट्याला धरून. घडी उलगडली.

गीतांजलीला चष्मा सापडला तो नेमका त्याच क्षणी.

"अहो, ठेवा ते!" ती ओरडलीच. सोफ्यावरचा टॉवेल ओढून तिने पाटावर टाकला. भाऊंचा हात हवेतच राहिला होता. त्यांनी तो आधी धोतराला पुसला, मग पुन्हा एकदा पुसला.

"श्रुती," गीतांजली म्हणाली, "काय हे? देवदिवाळीच्या दिवशी?"

"मी कुठं देवापुढे ठेवलं, काकी? मी तर मागत होते."

"मुळात मागवायचंच कशाला असलं? आत भरायला गाद्या! नोकरी करणाऱ्या मुली तुम्ही, शोभतं का?"

"ब्रा आहे ती, काकी. तुमी नाय घालत?"

समई सुद्धा क्षणभर विझल्यासारखी वाटली. गीतांजलीचे कान तापले. आपण जन्मभर तो शब्द दुकानात सुद्धा उच्चारला नाही, आणि ही कालची पोर देवासमोर, सासऱ्यासमोर, चुलतसासऱ्यासमोर! दुकानात तो शब्द उच्चारावा लागू नये म्हणून आपण वीस वर्षं एकाच मापाची, एकाच दुकानातली, काचणारी वस्तू घालतोय, हे मात्र तिच्या मनात आलंच. तिला त्याचाही राग श्रुतीवरच आला.

"निखिल," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, आणि शांत असला की ते निकाल द्यायचे. "हे आजच्या आज परत पाठव. आणि यापुढे या घरात काय मागवायचं ते तुझ्या फोनवरून. बायकांच्या फोनातलं ते काढून टाक. बंद खोक्यातून घरात काय काय शिरतं त्याला धरबंदच राहिला नाही."

"भाऊकाका, माझा फोन माझाच आहे," श्रुती म्हणाली.

"श्रुती, यार," निखिल खालच्या आवाजात म्हणाला, "टेन्शन नको ना वाढवू. एक रिटर्न टाकायचं, विषय कट."

"नाही टाकायचं."

"का पण? एवढं काय आहे त्यात?"

श्रुती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत नव्हती. मानेला पीळ देऊन ती मुद्दामच तिकडे बघत नव्हती, आणि एवढं सदानंदच्या लक्षात आलं. त्याचा हात वातीवरच थांबला.

निखिलला पासवर्ड ठाऊक होता. स्वतःच्या फोनवर त्याने तिचं खातं उघडलं. "होतंय. उघडलं असलं तरी चालतं, फक्त वापरलेलं नको, डाग-बिग नको. संध्याकाळपर्यंत घेऊन जातील. टाकली रिक्वेस्ट."

*

वैशालीने गॅस बंद केला. बाहेरचं सगळं तिला ऐकू आलं होतं, घरच एवढुसं.

डाव्या बाजूला, ब्लाउजच्या आत, तिने स्वतः शिवलेली पिशवी होती. जुन्या परकराचं मऊ कापड, आत कापूस, आणि वजन यावं म्हणून थोडी मोहरी. पंचवीस वर्षं घणसोलीच्या बायकांचे ब्लाउज शिवले, त्या हाताला एवढं शिवणं कठीण नव्हतं. कठीण होतं ते ती जागेवर ठेवणं. दोरीवर कपडे वाळत घालायला हात वर केला की पिशवी गळ्याशी यायची. पावसाळ्यात मोहरीला वास मारायचा. मग पदर आला. मग "सध्या ब्लाउज घेत नाही" अशी पाटी आली. माप घ्यायला बायका समोर उभ्या राहतात आणि त्यांची नजर कुठे जाते ते तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. तळवलीच्या सुंदराबाई सोळा वर्षांच्या गिऱ्हाईक, त्या तेवढ्या स्पष्ट म्हणाल्या होत्या, "तुमी वाईट वाटून घेव नका, पन बघवत नाय वो." बाकीच्या न बोलता यायच्या बंद झाल्या. सख्खी मोठी जाऊ सुद्धा. गीतांजलीचे ब्लाउज आता ठाण्याला शिवले जातात हे कुणी सांगितलं नव्हतं, ते तिच्या बाहीच्या शिवणीवरून कळलं.

एकदा ती वाशीला मोठ्या औषधदुकानात जाऊन आली होती. काउंटरवरच्या माणसाने तिचं पुटपुटणं ऐकलं आणि दुकानाच्या दुसऱ्या टोकाला हाक मारली, "अरे, मॅडमना ते छातीचं दाखव!" दुकानात सहा गिऱ्हाइकं होती. ती खोकल्याचं औषध घेऊन घरी आली.

दिवाळीच्या सुट्टीत श्रुतीने खोलीचं दार लावलं आणि फोनवर एक तक्ता दाखवला. म्हणाली, "आई, कुणाला काय सांगायचं नाय, काय विचारायचं नाय. फक्त माप टाकायचं." तिनेच वैशालीच्या टेपने माप घेतलं, वैशालीच्याच अंगावर. टेप कशी धरायची ते तिला येत नव्हतं. "श्वास सोड म्हणावं, मग माप घे," वैशालीने तिला शिकवलं आणि दोघी हसल्या. त्या जखमेच्या जागेला डॉक्टरांनंतर हात लावणारी श्रुती पहिलीच होती. वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं ते श्रुतीने पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. त्या दिवसापासून वैशाली दिवस मोजत होती. पार्सल आलं की पाटी काढायची, एवढंच तिला हवं होतं.

श्रुती आत आली. "आई, तुमी काय बोलू नका. माझ्यावर घेतलंय मी. जाऊ दे परत, पुन्हा मागवू. ऑफिसच्या पत्त्यावर."

"तुझ्या नावाने."

"हो."

"म्हणजे पुन्हा तू चोर."

"मला काय फरक पडतो?"

"मला पडतो," वैशाली म्हणाली. तिला राग आला होता आणि तो नक्की कुणावर हे तिला अजून ठरवता येत नव्हतं. निखिलवर होता. दोन वर्षं हॉलमध्ये झोपणाऱ्या नवऱ्यावर होता. माईंवर होता, त्यांच्या त्या नियमावर तर होताच.

कोपऱ्यात स्टुलावर गोजराआत्या खोबरं किसत बसल्या होत्या. त्या तिथे आहेत हे दोघी विसरल्या होत्या. आत्यांनी विळी बाजूला सरकवली.

"गे वैशाली, तुझ्या सासयेन ह्यो नियम कित्याक घातल्यान, म्हायत आसा तुका?"

"देवाला दाखवायचं म्हणून."

"देवाक काय कमी होता?" आत्या म्हणाल्या. "माझो भाव मुंबयसून ट्रंक भरून येय. लुगडी, साबण, तेल. ती ट्रंक उघडायची आमच्या आवशीच्या, तुझ्या सासयेच्या सासयेच्या खोलीत, दार लावन. ती वाटणी करी. तुझ्या सासयेच्या नावान आणलेला लुगडासुद्धा माझ्या अंगार येय. मी घातलंय, खोटा कशाक बोलू? मगे एका वर्सा तिणा हट्ट धरल्यान. ट्रंक देवापुढे उघडायची, सगळ्यांसमोर. आणि ज्येचा नाव घेवन कुकू लावला, ती वस्तू त्येची. देवान बघल्यान. मगे हात लावची कोणाची हिंमत?"

वैशालीने झारा ओट्यावर ठेवला.

"नाव घेऊन?" श्रुतीने विचारलं.

"तर! नाव होताच मुख्य. ता पुढे सुटला. पुरुष कुकू लावूक लागले, तेंका नावाचा काय?" आत्यांनी विळी पुन्हा पुढे ओढली. "खोबरा संपला. बघ, आणखी व्हया काय."

वैशालीने कमरेला खोचलेल्या फडक्याला हात पुसले. मग खांद्यांवरचा पदर काढला, डाव्या खांद्यावर नीट टाकला, आणि ती बाहेर गेली.

*

सदानंदने तिला येताना पाहिलं आणि तो उठून उभा राहिला. का उठला ते त्यालाही कळलं नाही.

"भाऊजी," वैशाली म्हणाली, "ते माझं आहे."

"तू सुनेला पाठीशी घालू नकोस, वैशाली."

"कुणाला पाठीशी घालत नाही. श्रुतीने मागवलं ते माझ्यासाठी. दोन वर्षांपूर्वी माझा डावा स्तन काढला. कॅन्सर होता. हे त्या जागी घालायचं आहे."

त्या घरात हे दोन्ही शब्द पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारले गेले. आजवर 'वैशालीचं ते ऑपरेशन' होतं, 'तब्येतीचं' होतं. सदानंद स्वतः डॉक्टरांशी बोलताना 'त्या साइडला' म्हणायचा. निखिल फोन हातात धरून आईकडे बघत होता आणि त्याचा चेहरा सहावीतल्या मुलासारखा झाला होता.

"अगं, पण देवापुढे…" भाऊ म्हणाले.

"देवाला ठाऊक होतं. तुम्हालाही होतं. तुम्ही हॉस्पिटलात आलात, मोसंबी घेऊन आलात, माझ्या खाटेशी उभं राहून ह्यांना विचारलंत, 'कशी आहे आता?' मी जागी होते, भाऊजी. माझ्याकडे बघितलं सुद्धा नाहीत."

"संकोच असतो गं माणसाला."

"तुमचा संकोच मी दोन वर्षं पदराखाली सांभाळला. आता मला उकडतं."

गीतांजली टॉवेलने झाकलेल्या पाटाकडे बघत होती. मघाशी आपण गाद्या म्हणालो ते तिला आठवलं.

वैशाली पाटापुढे बसली. टॉवेल बाजूला केला. ते कव्हर तिने हातात घेतलं आणि दातांनी फाडलं, दोरा तोडावा तसं.

"आई, थांब!" निखिल म्हणाला. "रिटर्न टाकलंय, ते अनयूज्ड…"

"गप बस," ती म्हणाली. "कुंकू कुठाय?"

कुंकवाचा करंडा भाऊंच्या उजव्या हाताशी होता. भाऊंनी तो उचलला नाही. वैशालीने हात पुढे केला नाही. घरात वर्षानुवर्षं असंच चालायचं, कुणीतरी देईपर्यंत ती थांबायची. या वेळी ती थांबली ती मात्र वेगळ्याच नजरेने, आणि ती नजर भाऊंवर नव्हतीच. सदानंद दोन पावलं पुढे आला, त्याने वाकून भावाच्या हाताशेजारचा करंडा उचलला आणि बायकोसमोर धरला. झाकण त्यानेच उघडलं. थोडं कुंकू पाटावर सांडलं.

"सदा!" भाऊ म्हणाले.

"असू दे, भाऊ," सदानंद म्हणाला. आयुष्यात त्याने भावाला दिलेलं सगळ्यात लांब उलट उत्तर तेवढंच होतं.

वैशालीने बोट बुडवलं आणि त्या मऊ, कातडीच्या रंगाच्या वस्तूवर ठसठशीत टिळा लावला.

"ही वस्तू वैशालीची," ती देवाकडे बघून म्हणाली. मग तिने कापडी घडी उचलली, तिच्या काठाला कुंकू लावलं. "आणि ही पण."

"असं कुठं असतं नाव घेऊन?" भाऊंचा आवाज चढला. "माईंनी कधी…"

"तसाच असता," स्वयंपाकघराच्या दारातून गोजराआत्या म्हणाल्या. "तू पाळण्यात होतंस तेव्हापासून. तुझ्या आवशीन आमकाच आवरूक घातलेलो नियम, आणि तू शाणो तिच्या सुनांवर चालवतंस."

भाऊंनी आत्यांकडे पाहिलं. घरात आता त्यांच्यापेक्षा मोठं एवढंच माणूस उरलं होतं आणि ते हातात खोबऱ्याची वाटी घेऊन उभं होतं.

"निखिल," वैशाली म्हणाली, "बघ. डाग पडला. आता घेतात का परत?"

निखिलने त्या लाल ठशाकडे पाहिलं. "नाही घेत."

"मग ते जे काय टाकलंयस ते काढ."

"काढतो," तो म्हणाला, आणि मग जरा वेळाने, "आई, तुला हे लागतं ते मला खरंच माहीत नव्हतं."

"विचारलंस कधी?"

त्याने बटण दाबलं.

भाऊ उठले. "मी निघतो. मला या घरात आज जेवण जायचं नाही. गीता, चल."

गीतांजली उठली नाही. ती पर्सची चेन उघडत होती, बंद करत होती.

"गीता?"

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मी देवाचा प्रसाद टाकून येणार नाही. वडे गरम आहेत." आणि मग, बहुतेक स्वतःलाच धीर यावा म्हणून, जरा जोरात, "मला भूक लागलीय!"

भाऊ दारापर्यंत गेले. चपला घालायला वाकले तेव्हा आतून वड्यांचा वास आला, आणि डोंबाऱ्यासारखा एका पायावर तोल सांभाळत ते बराच वेळ एकच चप्पल घालत राहिले. शेवटी ती काढून गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांना कुणी बोलवायला गेलं नाही.

*

वैशाली खोलीत गेली, दार लावलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. श्रुतीने पानं वाढली. बाहेर आली तेव्हा वैशालीने तोच ब्लाउज घातला होता, तीच साडी होती, पदर एका खांद्यावर पिन केलेला. दोन्ही बाजू सारख्या होत्या. ती ताठ चालत होती. वरच्या फळीवरची खिरीची वाटी काढायला तिने डावा हात पूर्ण वर नेला, आणि काहीच हललं नाही, म्हणून वाटी हातात असताना तिने हात पुन्हा एकदा, विनाकारण, वर नेला. श्रुतीने ते पाहिलं आणि तिला हुंदका आला. तिने तो सांबाऱ्याच्या वाफेवर ढकलला.

गीतांजली पानावरून उठली. जावेजवळ आली, पर्समधून हिरव्या खणाचं कापड काढलं आणि ओट्यावर ठेवलं.

"हे ठाण्याला टाकणार होते," ती म्हणाली. "तिथला बाहीत घोटाळे करतो. आणि मघाशी मी जे बोलले ना…"

"बोललात," वैशाली म्हणाली. ती 'असू दे' म्हणाली नाही. कापड तिने उलगडून पाहिलं, अंगठ्याने पोत तपासला. "जेवून घ्या. मग माप घेते. तुमचं जुनं माप चालायचं नाही आता."

"वाढलेय ना मी?"

"आतलं आधी बदला, वहिनी. ते काचतं तुम्हाला, कळतं बाहेरून. श्रुती दाखवेल तक्ता."

गीतांजलीने गॅलरीकडे एकदा बघून घेतलं. "पार्सल घरी येईल ना पण?"

"तुमच्या घरी कुंकू आहे ना?" श्रुती म्हणाली, आणि गोजराआत्या तोंडात घास असताना हसल्या, त्यांना ठसका लागला, सदानंदने पाणी दिलं. त्या गडबडीत भाऊ आत येऊन आपल्या पानावर बसले. वैशालीने त्यांना दोन वडे वाढले, कुणालाही वाढावे तसे.

जेवणं झाल्यावर तिने मशीनवरची चादर काढली आणि दाराबाहेर जाऊन पाटी उतरवली. मग श्रुतीला हाक मारली.

"एकाने भागायचं नाही. धुवायला दुसरी लागेल. मागव."

श्रुतीने फोन काढला. "ऑफिसला टाकू?"

"घरी टाक. तीनशे दोन. माझ्या नावाने."

श्रुतीने टाइप केलं. वैशाली नेरूरकर. साठ वर्षांत या बाईच्या नावाने पोस्टमन सुद्धा काही घेऊन आला नव्हता. "मधे बाबांचं नाव घालू? सदानंद?"

सदानंद दारातच उभा होता, पाटीचे खिळे हातात घेऊन. वैशालीने त्याच्याकडे पाहिलं.

"वस्तू कुणाची आहे?" तिने विचारलं.

"तुझी," तो म्हणाला.

"मग झालं तर," ती श्रुतीला म्हणाली. "आहे तेवढंच राहू दे."